लोधी गार्डन पहिल्यांदा बघताना: लोधी रोडच्या फाटकातून आत शिरा

दिल्लीत नव्यानं आलेली मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "रविवारी सकाळी कुठं जाऊ?" कुणी यूपीएससीच्या तयारीला आलेलं असतं, कुणाची बदली झालेली असते, कुणी मुलीकडे महिनाभर राहायला आलेलं असतं. लाल किल्ला आणि कुतुबमिनार ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, तिथं ते जातीलच. मी सांगते, आधी लोधी गार्डनला जा. तिकीट नाही, रांग नाही, गाईड मागे लागत नाही. सुमारे नव्वद एकरांची बाग, तिच्यात पाचशे वर्षांपूर्वीचे मकबरे, मशीद आणि पूल, आणि त्यांच्या मधून निवांत चालता येतील अशा पायवाटा.

पण जाण्याची एक रीत आहे, आणि ती मला उशिरा कळली. मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात, सकाळचे अकरा वाजून गेल्यावर, आणि रिक्षावाल्यानं जिथं सोडलं त्या उत्तरेच्या फाटकातून. उन्हानं डोकं तापलेलं. चार घुमट दिसले, चारही सारखेच वाटले, चाळीस मिनिटांत बाहेर पडले आणि घरी सांगितलं की बाग बरी आहे. दीड-दोन वर्षांनी थंडीतल्या एका सकाळी लोधी रोडच्या बाजूनं, म्हणजे दक्षिणेकडून शिरले आणि बाग एकदम उलगडली. दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेलं की काळही आपल्याबरोबर पुढे सरकतो. पहिली इमारत पंधराव्या शतकाच्या मध्यातली, नंतरच्या त्या शतकाच्या अखेरीच्या, त्यापुढची १५१७ च्या सुमाराची, आणि शेवटचा पूल अकबराच्या काळातला. या क्रमानं गेलात तर कुठल्या इमारतीनं आधीच्या इमारतीकडून काय घेतलं ते आपोआप दिसतं. म्हणून या लेखातली सगळी वाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. बाकी काही विसरलात तरी चालेल, फाटक मात्र चुकवू नका.

नावाचं आधी सांगते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत 'लोदी' असतं, दिल्लीतल्या पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी 'लोधी'. मी घराण्याला लोदी म्हणते आणि बागेला लोधी. तुम्हीही तसंच म्हणा, म्हणजे विचारताना घोळ होणार नाही.

दिवस आणि वेळ

सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा. हवा गार असते, ऊन बोचत नाही, आणि काटेसावर लाल फुलांनी भरलेली असते. नोव्हेंबर ते जानेवारी थंडी सुखाची असली तरी दिल्लीची हवा तेव्हा फार वाईट असते. घरून निघण्यापूर्वी मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघा. तो तीनशेच्या वर असेल तर त्या दिवशी जाऊ नका, घरात दमा असलेलं कुणी असेल तर अजिबात नको. बाग कुठं पळून जात नाही. उन्हाळ्यात जायचं तर पहाटे जाऊन आठच्या आत परत फिरा. मे-जूनमध्ये बहावा पिवळाधमक फुललेला असतो, त्याच्यासाठी लवकर उठायला हरकत नाही. पावसाळ्यात हिरवळ सुरेख होते, पण डासही तेवढेच असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

फाटकं पहाटे उघडतात, उन्हाळ्यात पाचच्या आणि हिवाळ्यात सहाच्या सुमाराला, आणि रात्री आठच्या आसपास बंद होतात. पहाटे येणारे बहुतेक जण चालायला आणि पळायला आलेले असतात, त्यांना इमारतींशी फारसं देणंघेणं नसतं. त्यामुळे सकाळी सात ते नऊ या वेळात घुमटांच्या आत तुम्ही बहुधा एकटेच असता. रविवारी दुपारी चित्र अगदी उलटं असतं. सतरंज्या, डबे, बॅडमिंटन, वाढदिवसाचे केक. तेही छान असतं, पण पहिल्या भेटीला नको. जमलं तर आठवड्यातल्या मधल्या वारी जा. हाताशी तीन तास ठेवा.

पोहोचायचं कसं

मेट्रोच्या यलो लाइनवर 'जोर बाग' नावाचं स्टेशन आहे, तिथं उतरायचं. मुखर्जीनगरला राहणाऱ्यांना जीटीबी नगरहून सरळ गाडी मिळते, मध्ये बदलावी लागत नाही. करोलबाग किंवा राजेंद्रनगरकडून येणाऱ्यांनी ब्लू लाइननं राजीव चौकला यायचं आणि तिथं यलो लाइन पकडायची. नवी दिल्ली रेल्वे स्टेशनवर उतरला असाल तर अजमेरी गेटच्या बाजूला मेट्रो आहे, तिथून गुरुग्रामकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की जोर बाग सहावं स्टेशन. पुण्याहून गोवा एक्सप्रेसनं किंवा मुंबईहून ऑगस्ट क्रांती राजधानीनं आलात तर हजरत निजामुद्दीनला उतरता. तिथून बाग जवळ आहे, सरळ रिक्षा करा.

जोर बागला बाहेर पडलात की चौकापाशीच सफदरजंगचा मकबरा आहे. आत्ता तिकडे वळू नका, त्याच्याबद्दल शेवटी सांगते. लोधी रोडनं पूर्वेकडे चालायला लागा, पंधरा-वीस मिनिटांत डाव्या हाताला बागेचं फाटक येतं. रस्ता रुंद, फुटपाथ बरा, दोन्ही बाजूंना झाडं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर स्टेशनवरून रिक्षा करा आणि चढतानाच सांगा, "लोधी गार्डन, लोधी रोडवाला गेट." फक्त 'लोधी गार्डन' म्हणालात तर तो त्याच्या सोयीच्या फाटकाला सोडेल. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

पिशवीत काय घ्यायचं

फार काही नाही. पाण्याची बाटली, टोपी, बसायला एखादं जुनं वर्तमानपत्र किंवा पंचा, आणि जमलं तर छोटी दुर्बीण. पायात मऊ बूट असू द्यात, पायऱ्यांचे दगड काही ठिकाणी झिजून गुळगुळीत झालेत. थंडीत सकाळी कानटोपी लागते आणि नऊ वाजता स्वेटरसुद्धा जड वाटायला लागतो, म्हणून कपडे एकावर एक चढवून जा. बागेत शिरल्यावर खाण्यापिण्याची सोय धरू नका. घरून दोन चपात्यांची गुंडाळी नेलीत तर उत्तम. कागद आणि सालं मात्र परत आणायची.

पहिला थांबा: मुहम्मदशहाचा मकबरा

लोधी रोडनं आत आलात की समोर उंचवट्यावर एक अष्टकोनी इमारत दिसते. हा सय्यद घराण्यातल्या मुहम्मदशहाचा मकबरा. त्याचा मुलगा अलाउद्दीन आलमशहानं तो १४४४ च्या सुमाराला बांधला. बागेला नाव लोदींचं आणि पहिलीच इमारत त्यांच्या आधीच्या घराण्याची. याच आलमशहानं १४५१ मध्ये दिल्ली बहलोल लोदीच्या हाती जाऊ दिली आणि स्वतः बदायूंला जाऊन राहिला. म्हणजे तुम्ही उभे आहात ते एक राजवट संपत आल्याच्या जागी.

आत घाईनं शिरू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा. आठ बाजू, प्रत्येक बाजूला तीन कमानी, त्यांच्यामागं ओसरी. कोपऱ्यांना तिरके टेकू दिलेत, ते खाली जाड आणि वर निमुळते आहेत. वर मोठा घुमट आणि त्याच्याभोवती आठ छत्र्या. छत्री म्हणजे इथं खांबांवर उभा केलेला छोटा घुमट. आपल्याकडे वानवडीच्या शिंदे छत्रीमुळं छत्री म्हटलं की अख्खं स्मारक डोळ्यांपुढं येतं, इथं तो छतावरचा एक भाग आहे. या आठ छत्र्या नीट लक्षात ठेवा. तासाभरानं त्यांची गरज लागणार आहे.

आत अंधार आणि गारवा असतो. कबरी आहेत, म्हणून आवाज खाली ठेवायचा. दोन मिनिटं थांबलात की डोळे सरावतात आणि घुमटाच्या आतली नक्षी दिसायला लागते.

दुसरा थांबा: बडा गुंबद आणि त्याची मशीद

तिथून उत्तरेकडे जाणारी पायवाट धरा. दोन्हीकडे हिरवळ, मध्ये उंच पामची झाडं. थोड्याच वेळात चौकोनी, भारदस्त इमारत समोर येते, हा बडा गुंबद. पायऱ्या चढून चौथऱ्यावर जायचं. चौथऱ्यावर तीन गोष्टी आहेत: मोठा घुमट, त्याच्या पश्चिमेला तीन घुमटांची मशीद, आणि मशिदीसमोर मेहमानखाना म्हणून ओळखली जाणारी लांबट इमारत.

बडा गुंबद बाहेरून दोन-तीन मजली वाटतो, कारण भिंतीवर कोनाड्यांच्या ओळी आहेत. आत गेलात की मजलाच नाही, थेट वरपर्यंत एक पोकळी. आत कबरही नाही. म्हणून ही इमारत मशिदीचं प्रवेशद्वार असावी असं मानतात. दारापाशी थांबून वर बघा. मोठ्या कमानीच्या आत दगडी तुळई आहे आणि तिला खालून आधार देणारे नक्षीदार दगड आहेत. कमान बाहेरून आलेली पद्धत, तुळई आणि आधाराचे दगड आपल्या देवळांतली जुनी पद्धत. दोन्ही एकाच दारात. ज्या गवंड्यांनी हे बांधलं त्यांच्या हातात दोन्ही विद्या होत्या.

मग आत बरोबर मध्यभागी उभे राहा आणि मान वर करा. चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसवला, ते इथं डोळ्यांनी वाचता येतं. चारी कोपऱ्यांत एकेक कमान तिरकी टाकली, चौकोनाचा अष्टकोन झाला. अष्टकोनाचे कोपरे पुन्हा छाटले, सोळा बाजू झाल्या. सोळा बाजूंचं कडं जवळजवळ गोलच दिसतं, त्यावर घुमट ठेवला. विजापूरच्या गोलघुमटात हाच पेच फार मोठ्या मापात आणि वेगळ्या युक्तीनं सोडवलाय. इथं तो माणसाच्या मापाचा आहे, म्हणून कळायला सोपा. मी बरोबर लहान मुलं असली तर त्यांना जमिनीवर बोटानं चौकोन काढायला लावते आणि कोपरे छाटायला सांगते. दोन मिनिटांत त्यांना कळतं.

आता मशिदीत या. ही बागेतली माझी सगळ्यात आवडती जागा, इथं वेळ काढा. मशिदीवरच्या लेखात हिजरी ९०० हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन १४९४. याच सुमाराला दख्खनेत अहमद निजामशहा अहमदनगर वसवत होता, आजचं अहिल्यानगर. दिल्ली आणि आपला मुलूख यांची अशी सांगड घातली की ही सनावळी लक्षात राहते.

मशिदीला पाच कमानींची दारं आहेत. कुठल्याही एका दाराच्या बाजूच्या भिंतीला नाक लागेल इतकं जवळ जा, हात मात्र मागे बांधून ठेवा. जे दगडातलं कोरीव काम वाटत होतं ते चुन्याच्या गिलाव्यात केलेलं आहे. गिलावा ओला असताना कोरून काढलेल्या वेली, पानं, जाळीची आवर्तनं, आणि त्यांच्यातून वाहत गेलेल्या कुराणातल्या अक्षरांच्या ओळी. सकाळचं ऊन तिरकं पडलेलं असलं की प्रत्येक पानाला कडेची बारीक सावली मिळते आणि भिंत हलल्यासारखी वाटते. काही ठिकाणी गिलावा गळून मागचे दगड उघडे पडलेत. तिथं दिसतं की नक्षीचा थर बोटाच्या पेरापेक्षा जाड नाही. पाचशे वर्षं पावसाळे आणि लू सोसून तो टिकलाय. दुपारी बाराला याच भिंती सपाट दिसतात, म्हणून मी सकाळचा एवढा आग्रह धरते.

याच नक्षीवर कुणीकुणी किल्ल्यांनी आपली नावं कोरलीत. कुठल्या गावची आहेत ते मी वाचत नाही. तुमच्यासोबतच्या मुलांना मात्र दाखवा आणि सांगा की हे पुन्हा भरून येत नाही.

तिसरा थांबा: शीश गुंबद

बडा गुंबदाच्या उत्तरेला, अगदी समोर, त्याचा भाऊ वाटावा अशी इमारत आहे. तसाच चौकोन, तशाच कोनाड्यांच्या ओळी. फरक रंगाचा. छताखालच्या पट्टीत अजून निळ्या चकाकत्या फरशा शिल्लक आहेत, काही गडद निळ्या, काही मोरपंखी. एके काळी अशा फरशा बऱ्याच होत्या, त्यांच्या चकाकीमुळंच हा शीश गुंबद. आता तुकडे उरलेत. दुर्बीण आणली असेल तर इथं वापरा. खालून नुसत्या डोळ्यांना निळी रेघ दिसते, दुर्बिणीतून तुटलेल्या फरशीची कडाही दिसते.

आत अनेक कबरी आहेत, कुणाच्या ते कुठं लिहिलेलं नाही.

आई इथं आली होती तेव्हा तिला गुडघ्यामुळं चौथऱ्यावर चढवत नव्हतं. ती या दोन घुमटांच्या मधल्या हिरवळीवरच्या बाकड्यावर तासभर बसली. मी फिरून आले तर म्हणाली, "मला इथून दोन्ही दिसतायत, आणि त्या भोकांत पोपट राहतात बघ." मी तोवर पोपट पाहिलेच नव्हते. तेव्हापासून मी पाहुण्यांना इथं पंधरा मिनिटं बसवते. मुख्य पायवाटा पक्क्या आणि सपाट आहेत, चाकाची खुर्ची फिरते. पायऱ्या आहेत त्या इमारतींना. ज्यांना चढणं जमत नाही त्यांना फारसं गमवावं लागत नाही, बागेतली बाकडी चांगल्या जागी ठेवलीत.

बसल्या बसल्या एक गोष्ट आठवा. तुम्ही बसलाय तिथं पूर्वी गाव होतं. खैरपूर त्याचं नाव. या घुमटांच्या आसऱ्यानं लोकांची घरं होती. इंग्रज सरकारनं गाव उठवलं, मोकळ्या केलेल्या जमिनीवर हिरवळ लावली आणि ९ एप्रिल १९३६ रोजी व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावानं 'लेडी विलिंग्डन पार्क' उघडलं. स्वातंत्र्यानंतर नाव बदलून लोधी गार्डन झालं. ही शांतता आपोआप आलेली नाही, कुणीतरी घर सोडलं तेव्हा ती झाली, हे मला इथं दरवेळी आठवतं.

चौथा थांबा: सिकंदर लोदीचा मकबरा

उत्तरेकडे आणखी चालत राहा. मध्येच वाटेत नंतरच्या मुघल काळातली एक छोटी मशीद आणि दरवाजा लागतो. आपल्या काळाच्या क्रमात ती एवढीच बसत नाही, तिला बाजूला ठेवा. गुलाबाची बाग, काचघर आणि बोन्सायची बाग परतीच्या वाटेवर बघा, किंवा पुढच्या खेपेला.

सिकंदर लोदीचा मकबरा लांबून दिसतच नाही. दिसते ती उंच भिंत आणि कोपऱ्यांचे बुरूज, एखाद्या गढीसारखे. दक्षिणेकडून आत जायचं. दाराशी चौथऱ्यावर दोन छत्र्या आहेत, त्यांच्यावरही निळ्या फरशांचे अवशेष आहेत. भिंतीच्या आत पाऊल टाकलं की लोधी रोडची रहदारी, पळणाऱ्यांच्या बुटांचा आवाज, सगळं बाहेर राहतं. बागेतली सगळ्यात शांत जागा ही. पुस्तक वाचायचं असेल तर इथं वाचा.

आता मघाशी लक्षात ठेवलेल्या आठ छत्र्या आठवा. हाही मकबरा अष्टकोनी, यालाही ओसरी, यालाही प्रत्येक बाजूला तीन कमानी. पण छतावर छत्र्या नाहीत, एकटा घुमट आहे. पंचाहत्तर वर्षांत आराखडा तोच राहिला आणि वरचा मुकुट उतरला. त्याऐवजी दोन नव्या गोष्टी आल्या. एक म्हणजे घुमट दुहेरी, आतला वेगळा आणि बाहेरचा वेगळा, म्हणजे आतून बेताचा आणि बाहेरून उंच. दुसरी म्हणजे मकबऱ्याभोवती भिंतींनी बंदिस्त केलेली बाग. या दोन्ही कल्पना पुढं हुमायूनच्या मकबऱ्यात मोठ्या झाल्या आणि तिथून ताजमहालापर्यंत गेल्या. हुमायूनचा मकबरा इथून पूर्वेला तीनेक किलोमीटरवर आहे. तो बघण्याआधी हा बघितला असला की तिथं वेगळंच दिसतं.

सिकंदरनं १४८९ ते १५१७ राज्य केलं, राजधानी आग्र्याला नेली, मरणही तिकडेच आलं, पण पुरलं दिल्लीत. मकबरा त्याचा मुलगा इब्राहिम यानं बांधला. आणि इब्राहिम १५२६ मध्ये पानिपतावर बाबराशी लढताना पडला. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आणि सदाशिवरावभाऊ आठवतात, ती तिसरी लढाई. पहिल्या लढाईत ज्याचं राज्य गेलं त्यानं बापासाठी बांधलेल्या ओसरीत तुम्ही उभे असता. मी मराठी पाहुण्यांना हे सांगते तेव्हा ते हटकून गप्प होतात.

पाचवा थांबा: अठपुला

मकबऱ्याच्या पूर्वेला, उत्तरेच्या फाटकाजवळ, दगडी पूल आहे. नाव अठपुला, कारण खांब आठ. कमानी मोजल्यात तर सात भरतात, मुलांना मोजायला लावा. अकबराच्या काळात नवाब बहादूर नावाच्या सरदारानं तो बांधला. खालून पूर्वी यमुनेला मिळणारा ओढा वाहायचा, आता तिथं तळं आहे आणि त्यात बदकं पोहतात. पुलावरून चालत जा आणि मग काठाला उतरून पाण्यातलं कमानींचं प्रतिबिंब बघा. इथं आपला काळाचा प्रवास संपतो.

परतताना झाडं आणि पक्षी

परत जाताना मधली वाट सोडून बागेच्या कडेची वाट धरा. चालण्याचा खरा आनंद तिथं आहे. कडुनिंब, अर्जुन, जांभूळ, पिंपळ, बांबूची बेटं, चाफा. काही झाडांवर माहितीच्या पट्ट्या आहेत.

पिंपळाला फळं आलेली असतील तर खाली थांबून पानांत बघत राहा. हिरव्या पानांत हिरवे पक्षी हलतात, पाय पिवळे. तो हरियाल, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. सह्याद्रीत मला तो नीट कधी दिसला नव्हता, दिल्लीत भर वस्तीत थव्यानं दिसला. मोठ्या चोचीचा राखी धनेशही इथं नेहमीचा. आधी त्याची किंचाळी ऐकू येते, मग तो पंख पसरून तरंगत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. तांबट टुकटुक करत असतो. पिंगळा ढोलीच्या तोंडाशी बसलेला असला तर लांबूनच बघा, फोटोसाठी जवळ गेलात की आत जातो.

वागण्याबद्दल थोडं

भिंतींवर चढू नका, कोनाड्यात बसून फोटो काढू नका, कबरींना टेकू नका. स्पीकरवर गाणी लावू नका. बाकड्यांवर जोडपी बसलेली असतात. दिल्लीसारख्या गर्दीच्या शहरात दोघांना बोलायला जागा मिळत नाही, त्यांच्याकडे रोखून न बघता पुढं चला. लग्नाच्या फोटोंसाठी मोठा लवाजमा आणायचा असेल तर परवानगी लागते, मोबाइलच्या फोटोंना काही लागत नाही. भटकी कुत्री आहेत, सहसा ती आपल्या वाटेला जात नाहीत, पण हातात खाऊ घेऊन चालू नका. एकट्या बाईला सकाळी इथं मला कधी अवघड वाटलेलं नाही. अंधार पडल्यावर मात्र कडेच्या वाटा सोडून मुख्य वाटेवर राहा.

बाहेर पडल्यावर

बागेच्या पूर्व बाजूला इंडिया इंटरनॅशनल सेंटर आहे. ते उभं करणाऱ्यांत आपले चिंतामणराव देशमुख अग्रभागी होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे, तेच. सेंटरच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, आणि तिथली अनेक व्याख्यानं, मैफली सर्वांसाठी खुल्या असतात. कार्यक्रम बघून ठेवा आणि बागेतली संध्याकाळची फेरी त्याला जोडून घ्या. सेंटरची इमारत वास्तुरचनाकार जोसेफ स्टाइन यांनी आखलेली, आणि १९६८ मध्ये या बागेला आजचं रूप देण्यातही त्यांचा हात होता. म्हणून भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची शांतता एकाच जातीची वाटते.

पायांत अजून बळ असेल तर जोर बागला परतताना सफदरजंगचा मकबरा बघा. तिकीट आहे, पण थोडं. अठराव्या शतकाच्या मध्यातला, मुघलांच्या बागेतल्या मकबऱ्यांच्या परंपरेतला शेवटचा मोठा. सफदरजंग हा मुघलांचा वजीर आणि अवधचा नवाब. १७५१ मध्ये पठाणांविरुद्ध त्याच्या मदतीला मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे गेले होते, आणि पुढच्याच वर्षी बादशाहीच्या रक्षणाचा जो करार मराठ्यांशी झाला तो त्याच्याच पुढाकारानं. सिकंदरच्या मकबऱ्यात ज्या बंदिस्त बागेची सुरुवात पाहिलीत तिचं हे शेवटचं टोक. एकाच सकाळी दोन्ही बघता येतात.

भूक लागली असेल तर मेट्रोनं पुढचं स्टेशन दिल्ली हाट-आयएनए. तिथं प्रवेशाला तिकीट आहे, आत राज्याराज्यांच्या खाण्याचे स्टॉल आहेत, आपलाही असतो. मिसळीची तलफ फारच असेल तर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचं कँटीन गाठा. जवळचं खान मार्केट महाग आहे, विद्यार्थ्यांनी तिकडे वळू नये. आमच्या घरात अशा सकाळी मी आदल्या रात्रीच बटाट्याची सुकी भाजी करून ठेवते आणि आम्ही सिकंदरच्या भिंतीबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून खातो. जागा चांगली आहे, साडेनऊपर्यंत तिथं सावली असते.